गल्लीतला वीजतज्ज्ञ

लाईन आली की फ्रीज लगेच लावू नये, तीन मिनिटं थांबावं, हे मी गल्लीत इतक्या जणांना ऐकवलंय की आता बायको मला ‘साहेब’ म्हणते. त्यात आदर नसतो. कॉम्प्रेसरमधल्या गॅसचा दाब दोन्ही बाजूंना सारखा व्हायला वेळ लागतो. त्याआधी मोटारीला जुंपलं तर ती फिरत नाही, नुसती घुमत तापते. हे मी हातवाऱ्यांसकट सांगतो. स्टॅबिलायझरमध्ये एवढं थांबायची सोय असते, हे मात्र अगदी शेवटी. नाहीतर मला कोण विचारणार?

आई विचारत नाहीच. लाईन गेली की ती सगळे खटके बंद करते, फक्त शंभराचा एक जुना पिवळा बल्ब चालू ठेवते. तो मिणमिणला तर थांबायचं, आणि फारच झगमगला तर कशालाच हात लावायचा नाही. न्यूट्रल तुटला की 230 व्होल्टच्या जागी घरात 400 च्या आसपासही येऊ शकतात, या विषयावर माझं अर्ध्या तासाचं भाषण तयार आहे. आईचं काम बल्बवर भागतं.

आता कूलर. (एसीवाल्यांनी पुढे सरकावं.) होळी झाली की तो गच्चीवरून उतरतो, त्याला रंग लागतो, नव्या ताट्या बसतात आणि पहिल्या संध्याकाळी घरभर ओल्या गवताचा वास सुटतो. मुंबईचे पाहुणे त्याच्याकडे दयेनं बघतात. मग मी सुरू होतो : आमची हवा कोरडी, पाणी झरझर उडतं, उडताना उष्णता घेऊन जातं, तुमच्या दमट मुंबईत हाच कूलर म्हणजे पंखा लावलेलं डबकं! 23 मे 2013 ला नागपुरात पारा 47.9 वर गेला होता, हेही मी असं सांगतो की जणू तो मीच चढवला. पण पत्र्याची पेटी, पाणी आणि वीज एकत्र. कूलरचा शॉक लागून कोणी गेल्याची बातमी इकडे उन्हाळ्यात वाचावी लागतेच. अर्थिंग तपासा, प्लग काढल्याशिवाय पाणी भरू नका. हे मी हातवारे न करता सांगतो.

आणि राग येतो तो कोराडीच्या वीजकेंद्राचा. तिथला पहिला संच 1974 चा. आता 660 मेगावॅटचे तीन उभे आहेत, पलीकडे खापरखेडा आहेच. वीज ग्रीडमध्ये जाते, चिमणीजवळच्याला आधी असा नियम नाही, हे मला कळतं. आमची लाईन कोळशापायी नाही, डीपीवरच्या बोजापायी नाहीतर वाऱ्यानं पडलेल्या फांदीपायी जाते, हेही कळतं. तरी राख आमच्या वाट्याला आणि अंधारही आमच्याच, हे पचत नाही.

परवा भर दुपारी लाईनमन खांबावर चढला. खाली आम्ही सगळे सल्ले देत होतो. माझे अर्थातच शास्त्रोक्त. तो उतरला, अंगावरचा शर्ट पिळून निघालेला. म्हणाला, ‘‘काकू, थंड पाणी आहे का?’’

लाईन नसताना फ्रीज उघडायचा नाही, गारवा जातो, हा आमच्या घरातला माझा कायदा. तो सांगायला मी तोंड उघडलं.

‘‘त्याला ऊन लागून राहिलं, अन् तू फ्रीज वाचवून राहिला!’’ म्हणत आईनं दार सताड उघडलं, आणि एक सोडून दोन बाटल्या काढल्या.