मागे कोण बसणार?

जोयडा तालुक्यातली काळी नदी सरकारी नोकरीत आहे. गणेशगुडीला सुपा धरणाची 101 मीटर उंच भिंत, तिच्या पायथ्याशी वीजघर, त्यात 50-50 मेगावॅटची दोन यंत्रं. यंत्रं फिरली की पाणी सुटतं आणि राफ्टिंगवाल्यांची एकच धांदल उडते. यंत्रं थांबली की खडक उघडे. म्हणजे तिकडे बंगळुरात कुणी गिझर लावला की इकडे आमच्या बुडण्याची सोय होते! डिग्गीजवळ उगम पावून कारवारला समुद्र गाठेपर्यंत 184 किलोमीटरच्या वाटेवर तिला सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा एवढ्या ठिकाणी हजेरी लावावी लागते.

नवशिक्यानं त्या धावत्या पाण्याच्या वाटेला जाऊ नये. खालच्या संथ पाण्यात कयाक घ्यावी. उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट लोकांनी सीलचं कातडं ताणून ही होडी बनवली, ती एकट्यानं गुपचूप शिकारीला जाण्यासाठी. एकट्यानं! आपण मात्र दोन सीटवाली मागतो, आणि सोबत बायको असते. इंग्रजी मुलखात या होडीला थट्टेनं ‘घटस्फोटाची होडी’ म्हणतात, हे बेळगावातून निघताना आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

“जड माणूस मागं,” शिकवणारा पोरगा म्हणाला. त्यानं आम्हा दोघांना न्याहाळलं आणि नजर माझ्या पोटावर स्थिरावली. बायको खूश.

“पुढच्यानं ताल धरायचा, मागच्यानं दिशा सांभाळायची. काकी ज्या बाजूला वल्हं मारतील त्याच बाजूला काकांनी मारायचं.”

“लग्न झाल्यापासून तेच चाललंय,” आम्ही दोघंही म्हणालो. प्रत्येकाचा अर्थ वेगळा होता.

“मगरी आहेत का रे?”

“त्या खाली, दांडेलीकडं.”

मगरींना हद्द कुणी आखून दिली, हे विचारायचं मी टाळलं. त्याचं गाव विचारलं. “आजी सुप्याची. ते वर, पाण्याखाली,” तो म्हणाला आणि माझ्या लाइफ जॅकेटचे पट्टे आवळू लागला. तालुक्याचं जुनं ठाणं त्या धरणात गेलं, म्हणून जोयडा तालुक्याचं गाव झालं. माणसं रामनगरला वसवली.

वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. हातानं ओढायचं नसतं, कमरेतून वळायचं असतं. कमरेतून वळायची वेळ माझ्यावर आजवर फक्त पंगतीत, मठ्ठेवाला पुढं निघून गेल्यावर यायची. शिवाय उजवीकडं वल्हं मारलं की होडी डावीकडं वळते. बायकोला डावा काठ हवा होता, मला उजवा. कयाकनं दोघांचं ऐकून जागच्या जागी गिरकी घेतली. वरून धनेश पक्ष्यांची जोडी पंख फडफडवत गेली. त्यांचं बरं, त्यांना वल्हं नसतं.

मग पोरग्यानं मुद्दाम आम्हाला पाण्यात पाडलं. पडून परत चढता येणं हाच पहिला धडा. आधी पाय पाण्यात मारत होडीवर पालथं पडायचं, मग वळून बसायचं. बायको पहिल्याच झटक्यात चढली. माझं पालथं पडणं छान झालं, वळून बसणं झालं नाही. शेवटी दोघांनी मला जॅकेटच्या पट्ट्यांनी वर ओढलं, आणि त्या वेळी मात्र त्यांचा ताल बिनचूक जमला.

तुम्ही गेलात तर पावसाळा संपल्यावर जा, पाणी कधी सुटणार ते आधी विचारा, जॅकेटचा पट्टा सैल ठेवू नका. आणि जोडीनं जाणार असाल तर एकेका सीटच्या दोन कयाक मागा. भाडं थोडं जास्त पडेल, पण वकिलाच्या फीपेक्षा कमीच.