रजिस्टर बंद झालं का?

२०२१च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल सरकारलाच परत केले. फोन २०१९ सालचे, दोन जीबी रॅमचे. तापायचे, अडकायचे. त्यात २०२१मध्येच नोंदींसाठी पोषण ट्रॅकर अ‍ॅप आलं, तेही इंग्रजीत. गावातल्या बाळाबाळाचं वजन जिला तोंडपाठ, तिला ते कुठल्या रकान्यात भरायचं हेच कळेना.

माहिती प्रणाली कामाची आहे की नाही, हे ठरवायची शिस्त जगात जुनी आहे. डिलोन आणि मॅक्लीन या अभ्यासकांनी १९९२ साली सहा कसोट्या मांडल्या: प्रणालीचा दर्जा, माहितीचा दर्जा, वापर, वापरणाऱ्याचं समाधान, व्यक्तीवरचा परिणाम आणि संस्थेवरचा परिणाम. २००३ साली त्यांनी त्यात सेवेचा दर्जाही घातला. म्हणजे अडलं, तर मदतीला कोण येतं?

आपल्या आढावा बैठकीत यातली एकच कसोटी उरते: वापर. किती टक्के नोंदी भरल्या? पण वापर सक्तीचा असेल, तर त्या टक्केवारीतून सक्ती किती कडक आहे एवढंच कळतं. प्रणाली चांगली आहे की वाईट, ते कळत नाही.

मोजायचंच असेल, तर तीन गोष्टी मोजा. एक, अ‍ॅप आल्यावर कागदी रजिस्टर बंद झालं का? तीच नोंद दोनदा लिहावी लागत असेल, तर सेविकेचा तो वेळ गृहभेटीतून कापला जातो. दोन, बाळाचं वजन घसरल्याची नोंद झाल्यापासून त्याच्या घरी मदत पोहोचेपर्यंत किती दिवस गेले, आणि ते पूर्वीपेक्षा कमी झाले का? तीन, फोन बंद पडला तर तो किती दिवसांत दुरुस्त होऊन येतो?

पुढे अ‍ॅपमध्ये मराठी आली, हे चांगलंच झालं. पण ती आधी यायला हवी होती, आणि त्यासाठी अ‍ॅप बनवतानाच चार सेविकांना शेजारी बसवून घेतलं असतं तरी पुरलं असतं.

फोन परत करणाऱ्या हातांनी या प्रणालीचं मोजमाप तेव्हाच करून दिलं होतं. आढाव्याच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नव्हता. तो आता आखा, आणि पहिला आखा.