पाहुणा वाटेत आहे

2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भाच्या आभाळातून जळते निखारे ओळीनं सरकत गेले आणि पानठेल्यांवर निकाल लागला: "तबकडीच व्हय बाप्पा!" रात्री चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरीला धातूचं भलंथोरलं कडं सापडलं. तज्ज्ञ म्हणाले, चिनी रॉकेटचं भंगार असावं. आभाळातून पडलं तेही शेजाऱ्याकडचंच.

तरी पानठेल्यावरची शंका अगदीच हसण्यावारी नेण्यासारखी नाही. आपल्या आकाशगंगेत किमान 100 अब्ज तारे, सूर्यमालेबाहेर सापडलेले ग्रह 6,000च्या वर. एवढ्या मोठ्या वस्तीत चूल फक्त आपलीच पेटली, हे मनाला पटत नाही. जयंत नारळीकरांच्या चमूनं तर 2001 साली हैदराबादहून फुगा सोडून 41 किलोमीटर उंचीपर्यंतची हवा आणली आणि तिच्यात जिवाणू शोधले. जिवाणू बरे, त्यांना निमंत्रण लागत नाही. पण बुद्धिमान मंडळींचं काय? 1950 साली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी जेवणाच्या टेबलावर विचारलं, मग आहेत कुठे सगळे?

याचं उत्तर यवतमाळला ठाऊक आहे. जानेवारी 2019च्या साहित्य संमेलनाला उद्घाटक म्हणून नयनतारा सहगल यांना बोलावलं. त्यांनी होकार दिला, भाषणही लिहून पाठवलं, आणि मग निरोप गेला: येऊ नका. आक्षेप काय, तर इंग्रजीत लिहिणारी लेखिका मराठीच्या मांडवात कशाला? त्यांचे वडील रणजित पंडित मराठी होते, हेही कामी आलं नाही. मग ज्याला तोंड आहे की नाही हेच माहीत नाही, त्या पाहुण्याची काय कथा!

हिशेब करा. सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा. तिथे आपलं निमंत्रण पोचायला सव्वाचार वर्षं, होकार परत यायला तेवढीच. तोवर स्वागत समिती बदललेली. गडी बिचारा निघालेला असणार आणि त्याचं यान कितीही धावलं तरी प्रकाशाच्या मागेच. 'येऊ नका'चा संदेश मात्र प्रकाशाच्याच वेगानं सुटणार. अर्ध्या वाटेत गाठ पडणार दोघांची.

यवतमाळच्या संमेलनाचं उद्घाटन शेवटी वैशाली येडे यांनी केलं. कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, शेतकऱ्याची विधवा. त्या अवघ्या शेजारच्या तालुक्यात राहत होत्या. आधी कुणाला त्यांचं नाव सुचलं नव्हतं.