मास्तरच्या घरचं थेटर

“ओ काकू, ऐकलं काय? मास्तरच्या पोट्ट्यानं खामगावहून थेटर आनलं म्हन्ते घरी.”

“ऐकाले काय जा लागते? भिंत सामाईक आहे आमची. कालपासून मांडणीवरच्या बश्या थरथर करून राह्यल्या.”

“5.1 म्हन्तेत त्याले. पाच डबे बोलनारे, अन् तो पॉइंट वन म्हनजे जमिनीवरचा धमधम्या.”

“कोपऱ्यात ठेवला असन ना?”

“तुमच्याच भिंतीच्या कोपऱ्यात!”

“तरीच. दोन भिंती अन् फरशी मिळाली का धमधम अजून वाढते. हातभर पुढं ओढ म्हना त्याले. अन् तीही खोली केवढी, दहा बाय बारा! वर स्लॅब, खाली फरशी, भिंती उघड्या. एक जाड पडदा नाही का सतरंजी नाही. आवाज घुमनार नाही त काय होईन?”

“2025 च्या सप्टेंबरात मोठ्या टीव्हीचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला, तवापासून पोट्ट्याचा धोशाच होता. 55 इंची घेतला. सुताराले 55 इंच रुंदीचा खण सांगतला, अन् टीव्ही भरला चार फूट!”

“बाप्पा! ते माप त कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत असते ना वं.”

“त्याले कोन सांगीन? टीव्ही फोर के, अन् डिश आपली फुकटवाली. पाच फुटावर दिवाण. बातम्यावाल्या बाईचं तोंड पुसल्यासारखं दिसते.”

“काल सैराट लावला होता. अजय-अतुलनं त्याच्यातले व्हायोलिन अमेरिकेत वाजवून घेतले म्हन्ते, पन माह्या घरात आली निस्ती धमधम.”

“अन् माणसाचं बोलनं ज्या मधल्या डब्यातून येते ना, तो ठेवला फ्रिजवर. आर्ची बोलते टीव्हीत, आवाज येते फ्रिजातून!”

“हाव वं माय! अन् म्हातारीले मालिकेतलं बोलनं तरी समजते काय?”

“कायचं! गानं आलं का कानावर हात, बोलनं आलं का ‘काय म्हनली, काय म्हनली?’ आमच्या घरी निस्ता साउंडबार आहे. टीव्हीखाली ठेवला, वायर एआरसी लिहिलेल्या खाचेत घातली, एकाच रिमोटवर चालते. बोलनं साफ येते. दुकानदारानं मोठ्या आकड्याचे वॅट सांगतले होते, मी म्हटलं, आधी बातम्या लावून दाखव.”

“अन् मास्तर काय म्हन्ते?”

“ते काय म्हननार! ओट्यावर बसतेत, मोबाइल कानाले लावून बातम्या ऐकतेत.”