'व्हायरल' झालंय, काढा घ्या

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर साधा वडापाव मिळेनासा झालाय. फलकावर तो 'आयकॉनिक' असतो, पावभाजी 'लेजेंडरी' आणि कुल्फी 'ट्रेंडिंग'. दुकान उघडून तीन महिने झालेत, तरी ते 'वर्ल्ड फेमस' आहेच. (वर्ल्ड म्हणजे बहुधा मेट्रोपार्क स्टेशनपर्यंत.)

1966 च्या सुमारास दादर स्टेशनाबाहेर अशोक वैद्यांनी पावात वडा घातला असं मानतात. तेव्हा त्याला कुणी विशेषण चिकटवलं नव्हतं. लोक रांगेत उभे राहिले, एवढंच.

गंमत शब्दांचीही आहे. इंग्रजीत 'ट्रेंड' पूर्वी नदीच्या नि किनाऱ्याच्या वळणासाठी वापरत. आता त्याच्यामागे माणसं वळतात. 'व्हायरल' तर तापाचाच शब्द. परवा गावी आत्याला फोनवर म्हटलं, "आत्या, इथला डोसा व्हायरल झालाय." ती घाबरून म्हणाली, "मग खाऊ नकोस रे! आल्याचा काढा घे."

आपल्याकडे बोलबाला, चलती, गाजलेला, नावाजलेला असे शब्द होते. पुण्यातला दुकानदार तेवढीही तसदी घेत नसे. 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी लावून दुपारी एकला तो झोपायला जाई.

ओक ट्री रोडवर मात्र 'ओरिजिनल'च्याच दोन शाखा आहेत, समोरासमोर.