टाकी फुल्ल करायला कोगनोळीला येणाऱ्या पाव्हण्यांस



दूधगंगेचा पूल ओलांडून कोल्हापूरची गाडी आमच्या कर्नाटक हद्दीत शिरली आणि इंडिकेटर देत पंपाकडे वळली, की गावाला भरून येते. याच हद्दीवर 2021 च्या कोरोनाकाळात आरटीपीसीआरचा रिपोर्ट नसलेल्यांना माघारी धाडले जात होते. डिसेंबर 2022 मध्ये बेळगावच्या मराठी भाषकांच्या महामेळाव्याला निघालेले महाराष्ट्रातले पुढारीही पोलिसांनी इथेच अडवले. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तुमची मागणी मात्र साधी, लिटरमागे थोडे पैसे वाचवण्याची, आणि ती आल्या आल्या मान्य होते. सीमाभागात इतके यश आजवर कोणत्याही शिष्टमंडळाला आलेले नाही.

आता थोडा हिशेब मांडतो. राग मानू नका, काटकसरी माणसाला हिशेबाचा राग यायचे कारण नाही.

कोल्हापूर ते कोगनोळी पंचवीसेक किलोमीटर. येऊन-जाऊन पन्नास. गाडी लिटरला 18 देते असे धरू. म्हणजे या यात्रेत पावणेतीन लिटर, अर्थात पावणेतीनशेच्या वर रुपये जळाले. टाकीत 35 लिटर बसले आणि लिटरमागे तीन रुपये वाचले, तरी होतात 105. टोलनाका ओलांडलात तर फास्टॅग आपला वाटा घेतो तो निराळा.

तुम्ही म्हणाल, एके काळी फरक मोठा होता. होता ना. नोव्हेंबर 2021 मध्ये, ऐन दिवाळीत, केंद्राने अबकारी शुल्क उतरवले आणि पाठोपाठ कर्नाटकाने पेट्रोल-डिझेलवर आणखी सात-सात रुपये सोडले. महाराष्ट्राने पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये कमी करायला जुलै 2022 उजाडला. मधल्या काळात पेट्रोलमध्ये नऊ-दहा रुपयांचा फरक होता. पण तेव्हाही वरचाच हिशेब लावलात तर फेरीमागे हाती उरत होते पन्नास-साठ रुपये. पुढे जून 2024 मध्ये कर्नाटकाने कर वाढवला, दोन्ही इंधने तीनेक रुपयांनी चढली. एप्रिल 2025 मध्ये डिझेलवर आणखी दोन रुपये आले. फरक आटला, तुमची निष्ठा आटली नाही.

कागलकरांचे एक वेळ समजू शकतो, त्यांना हद्द हाकेवर. बेंगळुरूला निघालेला ट्रकवाला तर वाटेवरच भरतो. तो शहाणा. खास टाकी भरायला म्हणून येणाऱ्या तुमच्याविषयी मात्र आम्हांला आदर वाटतो.

आणि येता कसे! हायवेला लागलात की काटा शंभरावर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 80 चे 100 केलेत की तो दीडपटीहून जास्त होतो, आणि पंचवीस किलोमीटरमध्ये वाचतात चार मिनिटांहून कमी. ती चार मिनिटे तुम्ही पंपावर गाडी हलवण्यात घालवता. नोझल ऑटो-कट झाले तरी दोघांनी मिळून गाडी गदागदा हलवायची आणि 'अजून शंभराचं बसतंय बघ' म्हणायचे, हा सोहळा आम्ही चहा घेत पाहतो. कडेपर्यंत भरलेल्या टाकीतले पेट्रोल वाफ धरून ठेवणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरते आणि तो भाग निकामी होऊ शकतो, हे सांगून तुमचा आनंद कशाला घालवा?

बेळगावहून परतताना तवंदी घाटात तुम्ही गाडी न्यूट्रलला टाकता, तीही बचतच. कार्बोरेटरच्या जमान्यातली. आजच्या इंजेक्शनवाल्या गाडीत गिअर ठेवून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की उतारावर इंजिनाला जाणारे पेट्रोल बंद होते. न्यूट्रलला टाकलेत की इंजिन चालू ठेवण्यापुरते ते जळतच राहते. शिवाय इंजिनाची पकड जाते आणि सगळा भार ब्रेकवर. म्हणजे घाटात जीव टांगणीला लावून तुम्ही जादा पेट्रोल जाळता. असली काटकसर कंजूष माणसालाही परवडायची नाही.

तुमची मुख्य तक्रार मला ठाऊक आहे: 'कंपनी 24 सांगते, गाडी 18 च देते, पंपवालाच मारतो.' तो 24 चा आकडा चाचणीकेंद्रात, रोलरवर गाडी चढवून, एसी बंद ठेवून निघतो. ठरवून दिलेल्या त्या चालीत वेग ताशी 90 च्या वर जातच नाही. तिथे उसाची ट्रॉली आडवी येत नाही, मागे मेहुणे बसलेले नसतात, टपावर रिकामे कॅरिअरही नसते. आणि उसावरून आठवले, आता पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते, कोल्हापुरात आणि कोगनोळीत सारखेच. उसाला दर मागताना आपणच पुढे होतो, तेव्हा यावर गप्प बसलेले बरे.

एक विनंती. पुढच्या वेळी घराजवळच टाकी भरा आणि ऑटो-कटला थांबा. ट्रिप मीटर शून्यावर आणा, ताशी ऐंशीच्या आत चालवा, पुन्हा त्याच पंपावर भरा आणि भागाकार करा. टायरची हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेले असते. टायर तापण्याआधी हवा तपासून घ्या. पंपावर हवा भरून देणे ही फुकट सोय आहे, महाराष्ट्रातही आणि कर्नाटकातही. तिच्यावर अजून कोणत्याच सरकारने कर लावलेला नाही.

आपला नम्र,
एक कोगनोळीकर