पाठीवरचा रंग कुणासाठी?

अमेरिकेत बास माशासाठी पाण्यावर तरंगणारं आमिष घ्यायला गेलं, की दुकानात भिंतभर खोटे बेडूक आणि मासे टांगलेले दिसतात. पाठीवर खवले, ठिपके, सोनेरी झाक. कारागिरीला नाव ठेवायला जागा नाही. अडचण एवढीच, की बास खालून बघतो. त्याच्या वाट्याला येतं ते पोट, उजेडासमोरची काळपट आकृती आणि लोंबणारे तीन-तीन काट्यांचे गळ. पाठ दिसते ती गिऱ्हाइकाला, आणि पाकीट त्याच्याकडेच असतं.

कुणी म्हणेल, रंगाने फरक पडतो. पडतो की! रात्री काळं पोट उठून दिसतं, लख्ख उन्हात पांढरं चालतं. पण दोन रंगांत भागत असेल तर चाळीस कशाला? जास्त फरक पडतो तो हालचालीने आणि आवाजाने. पाणी आरशासारखं असेल तर झारा स्पूक नावाचं आमिष डावी-उजवीकडे झुलवत आणावं. वाऱ्याने लाटा उठल्या की खोलगट तोंडाचा पॉपर ‘डुबुक डुबुक’ करत ओढावा. आणि मासा झडपला, पाणी उसळलं म्हणून लगेच हिसका देऊ नये, दोरीला वजन लागेपर्यंत थांबावं. थांबवत नाही, ही गोष्ट वेगळी. मग आमिष सुसाट मागे येऊन टोपीत रुततं, आणि ते सोडवताना पाठीवरची सोनेरी झाक अगदी जवळून न्याहाळता येते.